विश्लेषण : अमेरिकेत ‘शटडाऊन’ झाले की सैनिकांच्या कुटुंबांचे काय होते? पगार, उपचार, पेन्शन… काय थांबते, काय सुरू राहते?

अमेरिकी सैनिकांचा पगार महिन्यातून दोनदा, साधारण १ आणि १५ तारखेला होतो. घरभाडे, गाडीचा हप्ता, पाळणाघराची फी असे सगळे गणित या दोन तारखांवर बसवलेले असते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेले ‘शटडाऊन’ ४३ दिवस चालले. ते तोपर्यंतचे अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत लांबलेले शटडाऊन ठरले. त्या काळात पगाराची तारीख जवळ आली, की सैनिकांच्या घरी एकच प्रश्न असे : या वेळी पैसे जमा होणार का?

शटडाऊन का होते?

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी काँग्रेसने खर्चाची १२ विधेयके किंवा निदान तात्पुरती तरतूद मंजूर करणे आवश्यक असते. ती झाली नाही, तर मंजुरीविना पैसा खर्च करता येत नाही. १८८४ पासून मुळे असलेल्या ‘अँटिडेफिशियन्सी’ कायद्याचे हे बंधन आहे. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाशी संबंधित कामांना यात सूट असते. त्यामुळे सैनिकांना कामावर यावेच लागते, मात्र पगाराची मंजुरी अडकते.

भारतात अशी वेळ सहसा येत नाही. अर्थसंकल्प लांबला, तर संसद लेखानुदान मंजूर करते आणि लोकसभेने खर्चाची मागणी फेटाळली, तर सरकारलाच पायउतार व्हावे लागते. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यामुळे कोंडी झाली तरी दोघेही आपापल्या जागी कायम राहतात.

पगार खरोखर बुडतो का?

बुडत नाही, पण लांबतो. २०१३ च्या शटडाऊनपूर्वी सैनिकांच्या पगारासाठी वेगळा कायदा झाला होता. २०१८-१९ मध्ये ३५ दिवसांचे शटडाऊन झाले, तेव्हा संरक्षण खात्याचा निधी आधीच मंजूर होता. मात्र तटरक्षक दल अंतर्गत सुरक्षा खात्याकडे असल्याने त्याच्या सुमारे ४२ हजार जवानांचा १५ जानेवारी २०१९ चा पगार झाला नाही. अमेरिकी सशस्त्र दलातील जवानांचा पगार अशा कारणाने चुकण्याची ती पहिलीच वेळ होती.

२०२५ मध्ये वेगळा कायदा झाला नाही. १५ ऑक्टोबरचा पगार करण्यासाठी ट्रम्प प्रशासनाने संशोधन आणि विकासासाठी ठेवलेले सुमारे ८ अब्ज डॉलर वळवले. एका कामासाठी मंजूर झालेला निधी असा दुसरीकडे वापरता येतो का, यावर जाणकारांत मतभेद झाले. एका देणगीदाराने सैनिकांच्या पगारासाठी १३ कोटी डॉलर दिले. सुमारे १३ लाख सैनिकांत ही रक्कम विभागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १०० डॉलर येतात.

कोणत्या सुविधांना फटका बसतो?

सैनिकी रुग्णालयांतील तातडीचे उपचार सुरू राहतात, पण तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जाऊ शकतात. बदलीचे आदेश रखडतात. जुन्या घराची नोटीस दिलेली आणि नवीन ठिकाणी जाण्याचा आदेश नाही, अशा कात्रीत कुटुंबे सापडतात. सैनिकांच्या शिक्षणासाठी मिळणारे शुल्कसाहाय्य थांबते. २०१३ मध्ये तळांवरील स्वस्त किराणा दुकाने अमेरिकेत काही दिवस बंद होती. २०२५ मध्ये ती शिलकी निधीवर सुरू ठेवण्यात आली.

मृत्यूनंतरच्या मदतीचे काय?

सैनिक सेवेत मरण पावला, तर कुटुंबाला १ लाख डॉलर तातडीने दिले जातात. अंत्यसंस्कार, प्रवास, घरखर्च यांसाठी ही रक्कम असते. २०१३ मध्ये सैनिकांच्या पगारासाठी कायदा झाला, पण ही मदत त्यात बसत नाही, असा अर्थ लावला गेला. शटडाऊन सुरू असतानाच अफगाणिस्तानात सैनिक मारले गेले आणि त्यांच्या कुटुंबांची मदत अडली. जनक्षोभ उसळल्यावर ‘फिशर हाऊस फाउंडेशन’ ही संस्था पैसे देण्यास पुढे आली. १० ऑक्टोबर २०१३ रोजी नव्या कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि ही मदत सुरळीत झाली.

माजी सैनिकांची पेन्शन थांबते का?

नाही. निवृत्तिवेतन स्वतंत्र निधीतून दिले जाते. माजी सैनिकांवरील उपचार आणि अपंगत्व भत्ता यांची तरतूद काँग्रेस एक वर्ष आधीच करते, त्यामुळे तेही सुरू राहतात. मात्र शिक्षण योजनेची हेल्पलाइन आणि मार्गदर्शन केंद्रे बंद होतात. राष्ट्रीय दफनभूमीत अंत्यसंस्कार होतात, पण थडग्यावर कायमचा शिलालेख बसवण्याचे काम थांबते.

घरांवर ताण एवढा का येतो?

सैनिकाला राजीनामा देऊन निघून जाता येत नाही आणि जोडधंद्यासाठीही वरिष्ठांची परवानगी लागते. सततच्या बदल्यांमुळे जोडीदाराची नोकरी टिकत नाही. पेंटॅगॉनच्या पाहण्यांत सैनिकांच्या जोडीदारांमधील बेरोजगारी २० टक्क्यांच्या आसपास आढळली आहे. अशा घरात एकच पगार असतो. शटडाऊनच्या काळात सैनिकांच्या पतपेढ्या बिनव्याजी कर्ज देतात, पण ते फेडावे लागतेच. कनिष्ठ हुद्द्यावरील काही कुटुंबे सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून असतात आणि नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला तेही विस्कळीत झाले होते.

यावर उपाय काय?

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी शटडाऊन संपवताना माजी सैनिक कल्याण आणि सैनिकी बांधकामाला पूर्ण वर्षाचा निधी मिळाला. सैनिकांच्या पगारासह बहुतेक उर्वरित खर्चाला मात्र ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच तरतूद झाली. माजी सैनिकांच्या भत्त्याप्रमाणे पगाराची तरतूदही आधीच करून ठेवणे हा एक उपाय आहे. पण सैनिकांचा अडकलेला पगार हाच तोडग्यासाठी सर्वांत मोठा दबाव असतो. तो दबाव गमावण्याची तयारी राजकीय पक्ष दाखवत नाहीत, तोवर या कुटुंबांना कॅलेंडरकडे धास्तीनेच पाहावे लागेल.