मेथीनं धरलेला कागद

जुनं वर्तमानपत्र ओलं झालं की बोट लागताच फाटतं. तोच कागद भिजवून कुटला, त्यात भिजलेल्या मेथ्या वाटून घातल्या आणि पालथ्या पातेल्यावर थापला, तर वाळल्यावर चांगली दणकट टोपली होते. आपल्या आज्या-पणज्यांनी अशा टोपल्या केल्या, पण त्यांना कंपोझिट कुणी म्हटलं नाही. फायबरग्लासच्या होडीची आणि या टोपलीची जातकुळी मात्र एकच. ताण सोसायला तंतू आणि त्यांना जागेवर धरून ठेवायला चिकट द्रव्य.

कागदाचे तंतू सेल्युलोजचे. पाणी उडून जाता जाता आपल्या पृष्ठताणानं त्यांना जवळ ओढत नेतं आणि ते पुरेसे जवळ आले की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. मेथीतला बुळबुळीत पदार्थ म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. तिच्यामुळे तंतू एकमेकांना आणखी घट्ट चिकटतात.

खरी गंमत आहे ती साच्यात. लगदा वाळताना आकसतो. पातेल्याच्या बाहेरून थापलात, तर तो पातेल्यालाच आवळत जातो. म्हणून मध्ये फडकं हवं आणि पातेलं तोंडाशी पसरट हवं. हौसेनं घागरीवर थापलात तर घागर गेलीच म्हणून समजा! तोच लगदा वाडग्याच्या आतून थापा. आता आकसताना तो कडेपासून आपणहून सुटू लागतो. होडीच्या साच्यातलं पॉलिएस्टर रेझिनही घट्ट होताना असंच आकसतं, तरी साच्याला आधी मेण चोळावंच लागतं.

पण साचा निघण्याजोगाच नसेल तर? आठव्या शतकातल्या जपानी कारागिरांनी तो सरळ आतून पोखरला. मातीच्या गाभ्यावर लाखवृक्षाच्या चिकात भिजवलेलं वाखाचं कापड, थरावर थर; मग कवच कापून आतली माती उकरून काढायची. नारा इथल्या कोफुकुजी मंदिरातली तीन मुखांची, सहा हातांची आशुराची मूर्ती ७३४ साली अशीच घडली. उंची सुमारे १५३ सेंटिमीटर, आतून पोकळ. वाडगेही या रीतीनं होतात. आणि हा चीक उन्हात ठेवून नीट घट्ट होत नाही! त्यातलं एन्झाइम ओलाव्यातच नीट काम करतं, म्हणून कारागीर नवा वाडगा मुद्दाम दमट ठेवलेल्या कपाटात ठेवतात.