मुसळी, काळी
(हिं. काली मुसली, सं. तालमूली, मुशली, लॅ. कुर्क्युलिगो ऑर्किऑइडिस; कुल–हायपॉक्सिडेसी). पिवळ्या फुलांची ही लहान बहुवर्षायू ओषधी एकदलिकित वनस्पतींपैकी असून भारत, श्रीलंका, चीन, जपान व आग्नेय आशिया येथे आढळते. पूर्वी तिचा अंतर्भाव ॲमारिलिडेसी कुलात करीत. महाराष्ट्रात ती कोकणात व सह्याद्रीच्या रांगांत वाढते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेकडील भरपूर पावसाच्या डोंगराळ भागात, विरळ सावलीच्या ओलसर जागी व गवताळ उतारांवर ती दिसते.

मूलक्षोड जमिनीत उभे वाढणारे, बाहेरून काळपट, आतून पांढुरके व मांसल मुळे असलेले असते. त्याच्या मुसळासारख्या आकारावरून ‘मुसळी’ हे नाव पडले आहे. पाने 15–45 सेंमी. लांब, अरुंद, भाल्यासारखी व उभ्या ठळक शिरांची असून ताडाच्या कोवळ्या रोपाच्या पानांसारखी दिसतात.

पावसाळ्याच्या आरंभी पानांच्या बुडाशी, जमिनीलगत तारकाकृती फुले येतात. परिदले व केसरदले प्रत्येकी सहा असतात. फुलोऱ्याचा दांडा फारच आखूड असून पानांच्या तळांत दडलेला असतो. खालची फुले द्विलिंगी, तर वरची बहुधा पुं-पुष्पे असतात. किंजपुट मातीच्या पातळीला किंवा तिच्याखाली राहतो व त्याच्या लांब, बारीक चोचीमुळे फक्त पाकळ्या वर येतात. फळही तेथेच पिकते. त्यात 1–4 काळी, चकचकीत, नागमोडी रेषांची बीजे असतात.

आयुर्वेदात मूलक्षोड पौष्टिक, रसायन व वाजीकर मानले असून ते कावीळ, मूळव्याध व अतिसार यांवर देतात. त्यात कुर्क्युलिगोसाइड हे ग्लुकोसाइड असते. पांढरी मुसळी ही क्लोरोफायटम प्रजातीतील वेगळी वनस्पती होय.

उन्हाळ्यात पाने वाळून गेली, तरी मूलक्षोड जिवंत राहते व पुढील पावसात त्यालाच पालवी फुटते. औषधासाठी नेमका हाच भाग लागतो, त्यामुळे पाने किंवा फुले खुडण्याने होत नाही तेवढी हानी खणण्याने होते. एक मुळी काढली की, एक झाड संपते. फळे मातीतच असल्याने खणताना पुढची पिढीही विस्कटते. चांदोली येथील वनक्षेत्रास 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला असून तेथे वनस्पती खणण्यास बंदी आहे. उद्यानाबाहेरील सर्वच रानांना मात्र तसे संरक्षण नाही.

लागवडीचा मार्ग वनस्पतीनेच सुचविला आहे. पानाचे टोक ओल्या मातीला टेकले की, कधीकधी तेथे मुळे फुटून नवे रोप तयार होते. मूलक्षोडाचे डोळा असलेले सु. 2 सेंमी. लांबीचे तुकडे सावलीत लावले, तरी ते रुजतात. म्हणून खणून काढलेल्या मुळीचा शेंड्याकडील तुकडा पुन्हा जागेवर पुरणे हा तिचे रान राखण्याचा सर्वांत सोपा उपाय होय.