घामाचे दाम

मुलांनो, पगार, मजुरी आणि बक्षिसी हे तीन शब्द आपण नेहमी ऐकतो. ‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. ‘मजुरी’ आणि ‘बक्षिसी’ हे शब्द फारसीतून आले. म्हणून ते आपल्याला उर्दूतही भेटतात. उर्दूत आपण ‘बख्शिश’ म्हणतो, मराठीत ‘बक्षिसी’ म्हणतात आणि हॉटेलात तिलाच ‘टिप’ असे नाव आहे.

हे शब्द एकमेकांच्या शेजारी राहत असले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पगार किंवा मजुरी हा कामाचा मोबदला आहे. तो मिळणे हा काम करणाऱ्याचा हक्क आहे आणि तो देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. बक्षिसी ही गिऱ्हाइकाने खुशीने दिलेली रक्कम होय. ती द्यावी की न द्यावी, हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असते. हक्क आणि मर्जी यांची सरमिसळ झाली की गरीब कामगाराचे नुकसान होते. ते कसे होते, हे या पाठात पाहू.

आगगाडीतील हमाल

बक्षिसीचा प्रश्न अमेरिकेत फार जुना आहे. तेथे १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६७ साली, जॉर्ज पुलमन या उद्योगपतीने आगगाडीच्या शयनयानांची कंपनी काढली. प्रवाशांची बिछान्याची सोय करणे, सामान उचलणे, बूट पुसणे या कामांसाठी त्याने काळ्या वर्णाचे नोकर ठेवले. त्यांतील पुष्कळ जण पूर्वी गुलाम होते. कंपनी त्यांना अतिशय कमी पगार देई. बाकीचे प्रवाशांच्या बक्षिसीतून मिळवा, असा हिशेब होता. प्रवासी या नोकरांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. मालकाच्या नावावरून सर्वांना ‘जॉर्ज’ म्हणत. पोटासाठी त्यांना हसतमुखाने अपमान गिळावा लागे, कारण प्रवासी रागावला तर बक्षिसी बुडे.

१९२५ साली या नोकरांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना स्थापन केली. कंपनीने ती मोडण्याचा प्रयत्न केला, पण नोकर मागे हटले नाहीत. अखेर १९३७ साली कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला. त्या कराराने त्यांचा पगार वाढला आणि कामाचे तास कमी झाले.

कायद्यातील फट

याच सुमारास, १९३८ साली, अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला. एका तासाच्या कामाला निदान २५ सेंट मिळालेच पाहिजेत, असे त्यात ठरले. परंतु हॉटेलांतील बहुतेक कामगार या कायद्याच्या बाहेर राहिले. १९६६ साली त्यांना कायद्यात घेतले, पण एक सवलत मालकांना दिली गेली. ज्या कामगारांना टिप मिळते, त्यांच्या किमान वेतनाचा काही भाग मालकाने टिपेतून वळता करून घ्यावा, अशी ती सवलत होती.

१९९१ पासून टिप मिळणाऱ्या कामगाराला तेथील केंद्रीय कायद्यानुसार मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर द्यावे लागतात. हा आकडा तीस वर्षांहून अधिक काळ बदललेला नाही. इतर कामगारांचे केंद्रीय किमान वेतन मात्र २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी ही सवलत मान्य केलेली नाही. तेथे सर्वांना पूर्ण किमान वेतन द्यावे लागते.

आता थोडे गणित करू. एका वाढप्याने आठवड्यात ४० तास काम केले. ७.२५ डॉलरप्रमाणे त्याचे २९० डॉलर होतात. मालकाने २.१३ डॉलरप्रमाणे दिले ८५.२० डॉलर. मधले २०४.८० डॉलर कोणी द्यायचे? ते गिऱ्हाइकांच्या टिपेतून यायचे. टिप कमी पडली तर उरलेली रक्कम मालकाने भरून द्यावी, असे कायदा सांगतो. परंतु हा हिशेब मालकाच्याच हातात असतो. तो मागण्याचे धाडस किती कामगार करतील? म्हणजे गिऱ्हाईक समजते की मी वाढप्याला खूश केले. प्रत्यक्षात त्या पैशांतील मोठा भाग मालकाचे ओझे हलके करतो.

गल्ल्याजवळची बरणी

फास्ट फूडच्या दुकानांत टेबलावर येऊन वाढणारे कोणी नसते. आपण गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि ताट घेऊन बसायचे. तेथील कामगारांना सहसा पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. पण अनेक दुकानांत गल्ल्याजवळ एक बरणी ठेवलेली असते. गिऱ्हाईक सुटे पैसे तिच्यात टाकते. ही बरणी कोणाची, हाच वादाचा मुद्दा झाला.

स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीवर असा खटला झाला होता. बरणीतील पैशांत पाळी सांभाळणाऱ्या पर्यवेक्षकांनाही वाटा मिळत असे. २००८ साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी ते चूक ठरवले आणि कंपनीने कामगारांना १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी, असा निकाल दिला. २००९ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. पर्यवेक्षकही गिऱ्हाइकांना कॉफी देतात, म्हणून त्यांना वाटा मिळू शकतो, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच वादात रेषा आखून दिली. पर्यवेक्षकांनी वाटा घेण्यास हरकत नाही, पण साहाय्यक व्यवस्थापकांना तो मिळणार नाही, असे तिने ठरवले.

पुढे २०१८ साली अमेरिकेच्या कायद्यात स्पष्ट तरतूद झाली. मालकाने किंवा व्यवस्थापकाने कामगारांची टिप स्वतःसाठी ठेवता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटननेही २०२३ साली असा कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. गिऱ्हाइकांनी दिलेली सर्व टिप कामगारांनाच मिळावी आणि तिची वाटणी न्याय्य असावी, असा त्याचा आशय आहे.

दिलेली टिप गेली कोठे?

आता खाण्याचे पदार्थ घरपोच येतात. मोबाइलवर मागणी नोंदवायची आणि स्वार दारात हजर! अमेरिकेतील डोअरडॅश ही कंपनी हेच काम करते. २०१७ ते २०१९ या काळात तिची पगाराची रीत विचित्र होती. समजा, एका फेरीसाठी कंपनीने स्वाराला १० डॉलरची हमी दिली. गिऱ्हाइकाने टिप दिली नाही, तर कंपनी १० डॉलर देई. गिऱ्हाइकाने ३ डॉलर टिप दिली, तर कंपनी ७ डॉलर देई. स्वाराच्या हातात दोन्ही वेळा १० डॉलरच पडत! मग ते ३ डॉलर कोणाला मिळाले? ते कंपनीचे वाचले.

ही गोष्ट उघड झाल्यावर लोक संतापले. २०१९ साली कंपनीला रीत बदलावी लागली. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादींनी तिच्याविरुद्ध चौकशी केली. २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले. पैसे मिळाले, पण किती वर्षांनी? तोपर्यंत अनेक स्वारांनी ते काम सोडलेही असेल.

मिनिटांची चोरी

पगारातील अन्याय नेहमी मोठ्या रकमेचाच असतो असे नाही. तो मिनिटांतही लपलेला असतो. दुकान उघडण्यापूर्वी झाडलोट करायची, पण हजेरी लागते दुकान उघडल्यावर. दुकान बंद झाल्यावर भांडी घासायची, पण हजेरी आधीच संपलेली असते. रोज २० मिनिटे अशी गेली आणि महिन्यात २६ दिवस काम झाले, तर ५२० मिनिटे होतात. म्हणजे ८ तास ४० मिनिटे. महिन्याकाठी एका दिवसाहून अधिक काम फुकट झाले!

कधी गणवेशाचे पैसे कापतात, कधी गल्ल्यात कमी पडलेली रक्कम कामगाराकडून वसूल करतात. कधी उद्याची पाळी कोणती, हे आज रात्रीपर्यंत सांगत नाहीत. त्यामुळे मुलांची शाळा, घरातील आजारपण, दुसरे काम, कशाचाही मेळ बसत नाही. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फास्ट फूडच्या कामगारांना वेळापत्रक दोन आठवडे आधी द्यावे लागते. हा नियम आणि आजारपणाच्या रजेचा नियम मोडल्याबद्दल चिपोटले या कंपनीने २०२२ साली सुमारे १३,००० कामगारांना मिळून २ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

एकीचे बळ

हे बदल आपोआप झाले नाहीत. २०१२ च्या नोव्हेंबर महिन्यात न्यूयॉर्कमधील सुमारे दोनशे फास्ट फूड कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवले. तासाला १५ डॉलर पगार आणि संघटना स्थापन करण्याचा हक्क, या त्यांच्या मागण्या होत्या. तेव्हा अनेकांना ही मागणी अशक्य वाटली. पण चळवळ शहरोशहरी पसरली. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्ट फूड कंपन्यांच्या कामगारांना तासाला निदान २० डॉलर मिळू लागले.

मालकांचीही एक बाजू आहे. पगार वाढला की पदार्थ महाग होतात, गिऱ्हाईक कमी होते आणि काही ठिकाणी माणसांऐवजी यंत्रे बसवली जातात, असे ते म्हणतात. दुकानाचे भाडे, तेल, गॅस हे सर्व खर्च खरेच असतात. म्हणून पगार किती असावा, यावर वाद होऊ शकतो. परंतु ठरलेला पगार पूर्ण द्यावा आणि दुसऱ्याची टिप घेऊ नये, यावर वाद कसला?

आपल्याकडे

मुलांनो, ही केवळ दूरदेशीची गोष्ट नाही. मॅकडॉनल्ड्सने १९९६ साली दिल्लीत व मुंबईत आपली दुकाने उघडली. आता लहान शहरांतही अशी दुकाने दिसतात. आपल्या मोहल्ल्यातील कोणाचा भाऊ, कोणाचे मामू अशा दुकानात, एखाद्या हॉटेलात किंवा घरपोच सेवेत काम करीत असतील.

आपल्या देशात १९४८ साली किमान वेतन कायदा झाला. २०१९ च्या वेतन संहितेने जुने चार कायदे एकत्र केले आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ही संहिता अमलात आली. तिच्यातील काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. किमान वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो. जादा कामाचा मोबदला निदान दुप्पट दराने द्यावा लागतो. पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. स्त्री आणि पुरुष यांना सारख्या कामासाठी सारखेच वेतन मिळाले पाहिजे. घरपोच सेवेतील स्वारांना मात्र कंपन्या नोकर न म्हणता ‘भागीदार’ म्हणतात. म्हणून किमान वेतनाचे संरक्षण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अशा कामगारांच्या कल्याणासाठी राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले.

हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची रक्कम कधी कधी आपोआप जोडलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याला मनाई केली. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही मनाई योग्य ठरवली. गिऱ्हाइकाने खुशीने काही दिले तर द्यावे, सक्ती नको, हाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. त्यांची जागा शाळेत आहे.

आपण काय करावे?

घरातील कोणी कामाला जात असेल, तर त्यांना एक वही करून द्या. रोज कामावर गेल्याची व सुटल्याची वेळ तिच्यात लिहा. जादा काम, मिळालेला पगार आणि झालेली कपात यांचीही नोंद ठेवा. वाद झाला तर तोंडी बोलण्यापेक्षा लिहिलेला हिशेब उपयोगी पडतो. तक्रार करायची असेल, तर जिल्ह्यातील कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज देता येतो. अर्ज मराठीत लिहावा लागला, तर तुम्ही घरच्यांना मदत करू शकता. भाषा शिकण्याचा हाही एक फायदा आहे.

आपण स्वतः हॉटेलात गेलो आणि टिप द्यावीशी वाटली, तर ती शक्यतो वाढणाऱ्याच्या हातात द्यावी. त्याच्याशी नीट बोलावे. त्याचे नाव विचारावे. बक्षिसी ही आपली खुशी आहे. पगार मात्र त्याच्या घामाचे दाम आहेत, आणि ते त्याला पूर्ण मिळालेच पाहिजेत.

स्वाध्याय

१. पगार आणि बक्षिसी यांत काय फरक आहे?
२. पुलमन कंपनीच्या नोकरांना अपमान का सहन करावा लागे?
३. एका फेरीसाठी ८ डॉलरची हमी आहे. गिऱ्हाइकाने २ डॉलर टिप दिली. डोअरडॅशच्या जुन्या रीतीप्रमाणे कंपनीने किती डॉलर दिले असते? ही रीत अन्यायाची का होती?
४. कामाच्या वेळेची नोंद ठेवण्याचा काय उपयोग होतो?
५. आपल्या ओळखीच्या एका कामगाराच्या दिवसाविषयी दहा वाक्ये लिहा.