पापणीवरचा रंग संध्याकाळपर्यंत टिकवायचा तर

उन्हाळ्याची लग्नसराई आणि पापणीवरचा रंग यांचे काही जमत नाही. पत्रिकेवर मंगल परिणयाची वेळ सकाळी साडेअकराची असते. नवरीचा मेकअप नऊलाच आटोपलेला असतो. पाहुण्यांची वाट पाहता पाहता प्रत्यक्ष विधीला एक-दीड वाजतो. पुढे जेवणे, फोटो, पाठवणी. समाजमंदिराच्या पत्र्याखाली पंखे गरम हवाच फिरवीत असतात. अशा वेळी सकाळी सुबक दिसलेली आयशॅडो दुपारी पाहावी, तर पापणीच्या घडीत रंगाची एक जाड रेघ साचलेली आणि बाकीची पापणी तुकतुकीत, उघडी. आपल्याकडे नवरीची साडी पांढरी. डोळ्याला लावलेला पदर लगेच साक्ष देतो.

"शॅडो स्वस्तातली होती, म्हणून उतरली," असे सगळ्याजणी म्हणतात आणि पुढच्या वेळी महागडी पॅलेट विकत घेतली जाते. भगिनींनो, आमचे म्हणणे असे की हा खर्च चुकीच्या जागी होतो. महागडी शॅडोदेखील तेलकट पापणीवर नुसती लावली तर याच वाटेने जाते. आणि साधी, पण खात्रीची शॅडो नीट तयार केलेल्या पापणीवर आठ-दहा तास सहज टिकते. पैसा मोजकाच असेल तर तो आधी रंगाखालच्या थरावर घालावा. या थराला बाजारात प्रायमर किंवा बेस म्हणतात.

हे काम कसे चालते ते एकदा समजले की दुकानदार किंवा मोबाईलवरची जाहिरात आपल्याला फसवू शकत नाही. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलीमीटर, साऱ्या अंगात सर्वांत पातळ. तिला घाम येतो, तेलही सुटते. शिवाय ती स्वस्थ बसत नाही. माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते, म्हणजे तासाला हजाराच्या आसपास आणि लग्नाच्या दहा तासांत दहा हजार वेळा. आयशॅडो ही अभ्रक, शंखजिरे आणि रंगद्रव्य यांची दाबून बसवलेली भुकटीच असते. ही भुकटी तेलाने ओली होते आणि प्रत्येक लवण्यासरशी थोडी थोडी घडीत ढकलली जाते. दुपारी दिसणारी ती रेघ म्हणजे सकाळची सगळी शॅडोच होय.

आपल्या आजी-पणजीच्या पिढीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्या कपाळाला आधी मेणाचे बोट टेकवीत आणि त्यावर कोरडी पिंजर दाबीत. दिवसभर शेतात राबून, घाम पुसूनही ते कुंकू जागचे हलत नसे. काजळाची गोष्ट उलटी. दिव्याची काजळी तुपात किंवा एरंडेलात खलून केलेले ते काजळ दुपारपर्यंत गालावर उतरलेले असे. फरक कशाचा? मेण वितळायला साठ अंशांहून जास्त उष्णता लागते, तूप अंगाच्या उबेनेच पातळ होते. आजचा प्रायमर त्या मेणाच्याच कामाला लावलेला आहे. त्यात मेण असते किंवा डायमेथिकोनसारखे सिलिकोन, आणि तेल शोषून घेणारी सिलिकाची बारीक पूड. काही प्रायमरांत सायक्लोपेंटासिलोक्सेन नावाचे उडून जाणारे सिलिकोन असते. ते हवेत गेले की पापणीवर पातळ, कोरडा पापुद्रा राहतो. रंग त्याला धरून बसतो आणि खालचे तेल रंगापर्यंत सहज पोचत नाही.

म्हणूनच व्हॅसलीन किंवा कोल्ड क्रीम लावून वर शॅडो लावणाऱ्या मुलींना आम्ही सांगतो की तसे करू नका. तो तुपाचा प्रकार झाला. पहिली दहा मिनिटे चकाकी छान दिसते आणि मग सगळे घसरते. नुसती टाल्कम पावडर थापूनही भागत नाही, कारण तिला खालून धरणारे काही नसते. शिवाय तिचा वास डोळ्याला झोंबतो. चेहऱ्याचा प्रायमर पापणीला लावावा का, असेही विचारले जाते. त्यात बहुधा सुगंध किंवा ऊन अडवणारी द्रव्ये असतात. घामाबरोबर ती डोळ्यात उतरली की आग होते. तेव्हा डोळ्यांसाठी म्हणून जो मिळतो तोच घ्यावा.

प्रायमर आणि बेस यांतही थोडा फरक आहे. प्रायमर सहसा बिनरंगी किंवा कातडीच्या रंगाचा असतो. त्याचे काम पकडून ठेवण्याचे. बेसमध्ये रंग असतो, म्हणून तो शिरा आणि काळसरपणाही झाकतो. दोन्ही घ्यायची ऐपत नसेल तर घरात असलेल्या कन्सीलरवर काम निभावते. तो मात्र अगदी पातळ लावून वर कॉम्पॅक्टचा हलका हात फिरवलाच पाहिजे, नाहीतर कन्सीलर स्वतःच घडीत गोळा होतो.

लावण्याची रीत

आधी पापणी धुऊन, टिपून पूर्ण कोरडी करावी. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या एका दाण्याएवढा प्रायमर पुरे. इथेच बहुतेकींचा हात सैल सुटतो. जास्त लावले की जास्त टिकेल असे वाटते, पण जाड थर स्वतःच चुरगळतो आणि रंगालाही सोबत घेऊन जातो. अनामिकेने पापण्यांच्या केसांपासून घडीच्या थोडे वरपर्यंत टेकवीत न्यावा, चोळू नये. मग खाली बघत मिनिटभर थांबावे. बोट लावून पाहिल्यावर चिकटले नाही म्हणजे तयारी झाली. त्यावर कातडीच्याच रंगाच्या शॅडोचा एक विरळ थर द्यावा आणि मग हवा तो रंग ब्रशने दाबून बसवावा. ब्रश इकडून तिकडे घासला तर खाली केलेली मेहनत उपटली जाते. डोळे आधी आणि चेहऱ्याचे फाउंडेशन मागाहून, हा क्रम ठेवावा. गालावर सांडलेली भुकटी तेव्हा सहज पुसता येते. मेकअप होईपर्यंत पांढऱ्या साडीवर जुनी ओढणी पांघरायला विसरू नये, विशेषतः निळा रंग लावायचा असेल तर.

मुंबई-ठाण्याकडची हवा आणि विदर्भातली हवा यांत फार अंतर आहे, तेही ध्यानात घ्यावे. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तिथे पातळ सिलिकोनचा प्रायमर आणि वर पावडर हे बरे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तिथे पापणी सुकून तिला बारीक सुरकुत्या पडतात व घट्ट बेस त्यांत भेगाळतो. अशा ठिकाणी अर्धा तास आधी हलके मॉइश्चरायझर लावून, ते जिरले की उरलेले टिपून घ्यावे आणि मगच प्रायमर लावावा.

बेस कोणत्या रंगाचा?

याबद्दल आम्हाला जरा स्पष्टच बोलायचे आहे. पुष्कळ पार्लरांत बेसची एकच बाटली असते आणि ती गोऱ्या कातडीची. सावळ्या मुलीच्या पापणीलाही तीच फासली जाते. वर समजावणी अशी की "जरा उजळ दिसेल". उजळ काही दिसत नाही. त्या बेसमधला पांढरा टिटॅनियम डायऑक्साइड सावळ्या कातडीवर राखेसारखा दिसतो, आणि घाम येऊन रंग विरळ झाला की डोळ्यांभोवती राखाडी कडी उठतात. फोटोत तर विचारूच नका. मुलगी स्वतःच्याच लग्नाच्या अल्बममध्ये आजाऱ्यासारखी दिसते आणि दोष मात्र तिच्या वर्णाला दिला जातो. पैसे तिच्या आईबापांनी मोजलेले असतात. आपल्या रंगाचा बेस मागणे हा तिचा हक्क आहे. पार्लरवालीने मोठ्या आवाजात "गोरी दिसशील" म्हटले तरी तिने लाजून गप्प बसू नये.

आपल्या रंगाचा बेस ओळखायचा तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहू नये. हनुवटीच्या कडेला लावून दाराबाहेर उजेडात यावे. जो दिसेनासा होतो तो आपला. पापणी काळपट असेल तर गव्हाळ वर्णाला पीच आणि सावळ्या वर्णाला नारिंगी छटेचा पातळ करेक्टर आधी टेकवावा. नारिंगी रंग निळसर काळेपणाला मारतो. मग तांबूस, विटकरी, तपकिरी, जांभळट अशा रंगांना सावळ्या पापणीवर जी खोली येते ती गोऱ्या पापणीवर येत नाही, हे आमचे प्रामाणिक मत. निळा लखलखीत हवा असेल तर त्याच्याखाली पांढरा बेस चालतो, पण तो निळ्याच्या हद्दीबाहेर तसूभरही जाता कामा नये. आणि गडद निळा हवा असेल तर काळी किंवा निळी पेन्सिल पसरवून त्यावर निळी शॅडो दाबावी, फार शोभते.

खरेदीच्या वेळी वेष्टन वाचायची सवय लावून घ्यावी. मोठ्या कंपन्यांच्या नावांची नक्कल फुटपाथवर ढिगाने मिळते. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांना २०२० चे नियम लागू आहेत. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे वापरायला त्यांत बंदी आहे. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे हे छापलेलेच नाही, ती डबी हे नियम पाळते असे मानायला काही आधार नाही. डोळ्यावर तरी असा माल लावू नये. शाळेच्या हस्तकलेची चमकी तर मुळीच नको. तिचे कण टोकदार असतात, बुबुळाला ओरखडा पडतो. नवीन प्रायमर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लग्नाच्या आधी आठवडाभर पूर्ण मेकअप करून पाच-सहा तास घरकाम करून पाहिले तर आणखीच उत्तम. कुठे फाटते ते तेव्हाच कळते.

पार्लरचे काम शिकणाऱ्या किंवा घरोघर जाऊन नवऱ्या सजवणाऱ्या भगिनींची संख्या आता पुष्कळ आहे. त्यांनी डबीत थेट बोट घालू नये, चमच्याच्या दांड्याने प्रायमर बाहेर काढून घ्यावा आणि ब्रश प्रत्येकीनंतर धुवावा. एकीचे आलेले डोळे साऱ्या करवल्यांना येतात आणि हातातले पुढचे काम जाते.

पाठवणीला रडू येणारच. कोणताही प्रायमर अश्रू अडवीत नाही. रुमालाची घडी करून डोळ्याखाली नुसती टेकवावी, पुसू नये. रंग बहुतेक वाचतो. रात्री मात्र हा थर साबणाने निघत नाही, कारण सिलिकोन आणि मेण पाण्याला दाद देत नाहीत. तसाच ठेवून झोपले तर पापणीच्या कडेची छिद्रे बुजतात आणि रांजणवाडी उठू शकते. कापसावर थोडे खोबरेल तेल घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरावे, मग हलकेच खाली ओढावे आणि कोमट पाण्याने धुवावे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी काढावी. नव्या घरी पहिल्याच रात्री नवरीला तेल-कापूस मागायचा संकोच वाटतो, तेव्हा तिच्या पिशवीत एक लहान बाटली मैत्रिणींनीच आठवणीने ठेवून द्यावी.