मोडकी भाषा की नवी भाषा?

समजा, एका बेटावर स्पॅनिश बोलणारे मळेवाले आहेत आणि कोरियातून आणलेले मजूर आहेत. कोणालाच दुसऱ्याची भाषा येत नाही, पण काम तर रोजचे. अशा वेळी कामापुरती एक तुटक बोली तयार होते. तिला पिजिन म्हणतात. पुढे मुले ही बोली ऐकतच वाढली आणि तीच त्यांची मातृभाषा बनली, की तिला क्रिओल म्हणतात. अनेक भाषाशास्त्रज्ञ क्रिओलच्या जन्माची अशी मांडणी करतात.

आपल्या काल्पनिक क्रिओलचे पहिले धडे कसे असतील? शब्द बहुधा मालकांचे, म्हणजे स्पॅनिश असतील. पण स्पॅनिशमध्ये 'खाणे' या क्रियापदाची वर्तमानकाळातच कर्त्याप्रमाणे सहा रूपे होतात. त्यांतले 'कोमे' हे एकच रूप टिकेल. चालू क्रियेसाठी त्याआधी 'ता' आणि झालेल्या क्रियेसाठी 'या' ठेवू. कोरियनमध्ये मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी आणि विशेषण नामाआधी येते; नामांना लिंग नसते. तेव्हा हे नियम तिथून घेऊ.

स्पॅनिश : यो कोमो आर्रोस. (मी भात खातो.)
आपली भाषा : यो आर्रोस ता कोमे. (मी भात खात आहे.)
यो आर्रोस या कोमे. (मी भात खाल्ला.)

आता 'कासा' म्हणजे घर, 'ब्लांको' म्हणजे पांढरा-री-रे आणि 'मिरा' म्हणजे पाहणे. 'मी पांढरे घर पाहिले' हे वाक्य तुम्हीच करून पाहा. उत्तर : यो ब्लांको कासा या मिरा. स्पॅनिश माणूस 'कासा ब्लांका' म्हणेल. आपल्या भाषेत ती चूक ठरेल!

हे 'ता' आणि 'या' आम्ही मनाने काढलेले नाहीत. फिलिपाइन्समधील झांबोआंगा शहरात चाबाकानो ही क्रिओल बोलतात. तिच्यात 'ता कोमे यो' म्हणजे मी खात आहे, 'या कोमे यो' म्हणजे मी खाल्ले आणि 'आय कोमे यो' म्हणजे मी खाईन. शब्द स्पॅनिश, पण क्रियापद आधी ठेवण्याची रीत स्थानिक भाषांची.

असे उदाहरण आपल्या घराजवळही आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीज शब्दांची क्रिओल बोलली जाते. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये चौल सोडले, पण भाषा राहिली. पुढे मराठीच्या सहवासात तिच्या वाक्यातले क्रियापद हळूहळू शेवटी सरकले. बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात.

मात्र दोन भाषा भेटल्या की क्रिओल होतेच असे नाही. 1905 साली हजाराहून थोडे अधिक कोरियन लोक मेक्सिकोतील युकातान येथे घायपाताच्या मळ्यांवर कामाला गेले. तेथे कोरियन-स्पॅनिश क्रिओल जन्मली नाही. माणसे थोडी, तीही वेगवेगळ्या मळ्यांवर विखुरलेली. आणि भोवती माया व स्पॅनिश या भाषा पूर्ण रूपात हजर होत्या. मुलांनी त्याच उचलल्या.

'चाबाकानो' या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ आहे 'गावंढळ'. बाहेरच्यांना ती बिघडलेली स्पॅनिश वाटली. पण भाषा बिघडली आहे की नवी घडली आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे : तिच्यात चूक करता येते का? नुसत्या खिचडीत काहीही चालते. झांबोआंगात मात्र 'यो कोमो' हे शुद्ध स्पॅनिश वाक्य चाबाकानो म्हणून चुकीचेच ठरते. ज्या भाषेत चूक होऊ शकते, तिला व्याकरण असते.

आपल्या वर्गातही मुले घरची बोली घेऊन येतात. एखादे वाक्य तांबड्या शाईने खोडण्यापूर्वी ही कसोटी लावून पाहावी. कदाचित तेथे चूक नसेल, दुसरा नियम असेल. तो मुलांनाच विचारावा. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे. पण घरच्या बोलीला मोडकी न म्हणताही ती शिकवता येते.