रामनगरची चौथ

'चौथ' म्हटले की मसाटच्या वर्गातली मुले चटकन सांगतात, मराठ्यांचा कर. उत्तर चूक नाही, पण त्यात आमचाच भाग गळून पडतो.

शब्द साधा आहे. संस्कृत 'चतुर्थ', प्राकृत 'चउत्थ', मराठी 'चौथ', म्हणजे चौथा हिस्सा. मात्र त्याला राजकीय वजन आले ते या डोंगरांत, आणि तेही एका लहान राजामुळे.

पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले. पूर्वेच्या जंगलमुलखात रामनगरचे राज्य होते. पुढचे धरमपूर संस्थान ते हेच. रामनगरची धाड टळावी म्हणून दमणच्या गावांच्या उत्पन्नातला वाटा या राजाला पोचता होई. वाटा दरवेळी नेमका चतुर्थांश नसे, तरी नाव चौथच. पोर्तुगीज कागदांत तर राजालाच 'चौथिया' म्हटले आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेले हे नाव मला फार बोलके वाटते.

१६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जव्हार आणि रामनगर घेतले. मग महाराजांनी दमणची चौथ मागितली ती राज्याबरोबर आलेला हक्क म्हणून. पोर्तुगीजांनी टाळाटाळ केली. इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या चौथाईचे मूळ इथेच शोधले.

जिंकलेल्याचा शब्द जिंकणाऱ्याने उचलावा, हे इतरत्रही घडले आहे. वेल्सच्या लुएलिनचे 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे पद इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने १२६७ च्या तहात मान्य केले होते. हेन्रीचा मुलगा पहिला एडवर्ड गादीवर आला, तेव्हा त्याच्यापुढे निष्ठेची शपथ घेण्याचे लुएलिन टाळत राहिला. १२७७ मध्ये युद्ध झाले; १२८२ मध्ये दुसऱ्या युद्धात लुएलिन मारला गेला. १३०१ मध्ये एडवर्डने तेच पद आपल्या मुलाला दिले. आज ते ऐकताना लुएलिन किती जणांना आठवतो?

चौथ त्याहून लांब गेली. १७१९ मध्ये मोगल बादशहाच्या सनदेने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ मराठ्यांना मिळाली, आणि रामनगर मागे पडले.

उलटा फेराही झाला. जे पोर्तुगीज इथल्या राजाला चौथ देत, त्यांनाच पेशव्यांनी १७७९ च्या तहापोटी नगर हवेलीतली गावे लावून दिली. दिले ते राज्य की नुसता महसूल, यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जुन्या मराठी मजकुराचा कीस निघाला. १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले : मराठ्यांनी दिला तो वर्षाला १२,००० रुपयांचा सरंजाम.