गाणे कोणाचे? : रेडिओ आणि तबकड्यांचा छंद

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी तिकिटे जमवतो, कोणी नाणी. रेडिओ ऐकणे आणि जुन्या तबकड्या शोधणे हे दोन छंद मात्र जोडीनेच येतात. रेडिओवर गाणे लागते आणि विरून जाते. ते पुन्हा हवेसे वाटते, म्हणून माणूस तबकडीच्या मागे लागतो. या जोडछंदाची थोडी ओळख येथे करून द्यावयाची आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयीची त्यांची तळमळ खरी होती. पण तिच्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला, तो रेडिओ सिलोनवर जाऊन थांबला. जळगावहून कोलंबो सरळ रेषेत सुमारे १६०० किलोमीटर! तरीही तेथील आवाज खानदेशात पोहोचे, कारण लघुलहरी वातावरणातील विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होऊन पुन्हा जमिनीकडे येतात. हा थर स्थिर नसतो. म्हणून गाणे मध्येच जवळ येई, मध्येच दूर जाई. जुन्या माणसांना त्या हेलकाव्यांसकट गाणी आठवतात.

३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी (१९३२–२०२४) यांचे वय तेव्हा १९, म्हणजे माझ्याएवढेच! कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती कोलंबोला पाठवल्या जात. पुढे गाण्यांचा क्रम लावताना दुकानांतील तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मागणी, दोन्ही विचारात घेत. रेडिओने तबकडी खपवली आणि तबकडीने रेडिओवरचा क्रम ठरवला, असा हा व्यवहार होता. अखेर आकाशवाणीनेही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली.

आता तबकडीकडे वळू. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. हातातून निसटली की तुकडे. नंतरची लाँगप्ले तबकडी फुटत नाही, पण उन्हाने वाकते. खानदेशचा मे महिना तिचा वैरी! म्हणून तबकड्या उभ्या, सावलीत ठेवाव्यात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा आपल्याकडे भंगाराच्या गाडीवर तबकडी दिसली, तर ती उजेडात तिरपी धरून चरे पाहावेत, कडेला तडा आहे का ते पाहावे आणि मग मधल्या कागदावरचा मजकूर नीट वाचावा.

खरी गंमत त्या कागदातच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे लागे. पुढे सिनेमाच्या काळात मात्र उलटेच घडले. ‘महल’ (१९४९) मधील सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. रेडिओवर गाणे लागले आणि ही गाणारी कोण, अशी श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. तेव्हा कोठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. त्यांच्या मातोश्री आपल्या धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेरच्या. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या अनामिक श्रोत्यांनी एका कलावंताला तिचे नाव मिळवून दिले, ही या छंदाची मोठी कमाई होय.

नाव राहणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या विद्यापीठाला जिचे नाव आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव व आणखी एका आप्ताने त्यांच्या रचना टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. गीतमालेचेच ते वर्ष. आमच्या घरात कॉलेजच्या हजेरीपटावर नाव लागलेला मी पहिलाच. आजी निंदणी करताना अहिराणी गाणी म्हणायची, ती कोणी रचली हे आता गावात कोणालाच सांगता येत नाही. त्या गाण्यांची तबकडी निघाली नाही, म्हणून त्यांवर कागदही चिकटला नाही.

आज मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात लागते. पण गीतकार कोण, संगीतकार कोण, याची चौकशी आपण करत नाही. ती सवय जुन्या श्रोत्यांकडून घ्यावी. घरातली तबकडी भंगारात देण्यापूर्वी तिच्यावरची नावे वहीत उतरवून घ्यावीत. आणि दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर आजीचे एक तरी गाणे मोबाईलवर मुद्रित करावे. शेवटी तिला स्वतःचे नाव आणि गाव सांगायला लावावे, गौहर जान सांगत तसे.